कोट घातलेला कोल्हा आणि बोलणारी मुंगी

समजा, आपल्या घरातील दहा-अकरा वर्षांच्या मुलीने जलरंगांत एक कोल्हा रंगविला. कोल्ह्याच्या अंगात कोट आहे, नाकावर चष्मा आहे, बगलेत छत्री आहे आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून तो अंबरनाथच्या फलाटावर लोकलची वाट पाहत आहे. चित्र सुरेख उतरले आहे. आजोबा म्हणतात, सजीवाचे चित्र हराम आहे, फाडून टाक. वडील म्हणतात, लेकरू आहे, राहू द्या. मुलगी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहते. तिला नेमके काय सांगावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत, अंबरनाथ व बदलापूरच्या पूर्व-पश्चिम वस्त्यांत चित्रकलेचे वर्ग चालतात आणि मुस्लिम मुले-मुलीही तेथे जातात. उल्हासनगरच्या बाजारात लहान मुलांचे कपडे, दप्तरे, पाण्याच्या बाटल्या यांवर हातमोजे घातलेला उंदीर आणि फ्रॉक घातलेली मांजर असतेच. मूल जे रोज पाहते तेच कागदावर उतरविते. शिवाय कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना आपली मुले बसतात. त्यांतील स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेत माणसे-प्राणी असलेला प्रसंगच बहुधा विचारला जातो. तेव्हा विषय टाळून चालणार नाही आणि एका शब्दात निकालात काढूनही चालणार नाही.

प्रथम हदीस. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या वचनांचा आशय असा की, सजीवांच्या प्रतिमा घडविणाऱ्यांना कयामतच्या दिवशी सांगितले जाईल, तुम्ही जे निर्माण केले त्यात आता प्राण फुंका. आणि ते त्यांना जमणार नाही. हे वचन सौम्य करून सांगण्याचा अधिकार आपणास नाही. परंतु याच संदर्भातील दुसरी एक घटना पूर्ण सांगितली जात नाही, तीही पाहावी. ह. अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्याकडे एक कारागीर आला. प्रतिमा बनविणे हाच त्याचा उदरनिर्वाह होता. त्यांनी त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन ऐकविले. त्याचा श्वास दाटला, चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला हाकलून दिले नाही, की त्याची कला सोडावयास लावली नाही. हे करणे भागच असेल तर झाडे रंगव, ज्यात प्राण नाही ते रंगव, असे त्यांनी त्याला सुचविले. हुकूम ऐकवितानाच त्याच्या हाताला दुसरे काम दिले. आजोबांच्या बोलण्यात हुकूम आहे. पण हे दुसरे काम त्यात नाही, आणि नेमके तेच मुलाला हवे असते.

आता मतभेद. ठाणे जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांत शाफई आणि हनफी हे दोन्ही पंथ नांदतात. कल्याण-भिवंडीकडील कोकणी मुसलमान शाफई आहेत, तर उत्तरेकडून व मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे बहुधा हनफी. या मुद्द्यावर मात्र दोघांचे प्रमुख मत जवळजवळ एकच आहे. इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या विवरणात प्राण्याचे चित्र काढणे निषिद्ध ठरविले आणि सावली पडणारी मूर्ती व सावली न पडणारे चित्र असा भेद करणाऱ्यांचे म्हणणे नाकारले. मालिकी फुकहांनी हा भेद मानला. त्यांच्या मते पूर्ण अवयवांची, सावली पडणारी प्रतिमा हराम. सपाट चित्र मात्र नापसंत, मकरूह. आधुनिक काळात इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुहू यांनी शिक्षणाच्या व जतनाच्या हेतूने काढलेल्या चित्रांविषयी सवलतीची भूमिका घेतली. मौलाना मौदूदी (रह.) यांनी सूरह सबाच्या विवरणात नेमकी उलट बाजू सविस्तर मांडली. त्या सूरहच्या तेराव्या आयतीत ह. सुलैमान (अलै.) यांच्यासाठी जिन्न ‘तमासील’ बनवीत असा उल्लेख आहे आणि काही जण त्यावरून चित्रांना परवानगी काढतात. मौलानांचे म्हणणे असे की, हा शब्द निर्जीव वस्तूंच्या प्रतिकृतीलाही लागू पडतो, म्हणून तेवढ्यावरून सजीवांच्या चित्रांना मोकळीक मिळत नाही.

प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या, सावध मताकडे आहे. तथापि ज्यांनी दुसरे मत विद्वानांकडून समजून घेऊन स्वीकारले आहे त्यांच्या ईमानविषयी शंका घेणे हे चित्र काढण्याहून लहान पाप आहे, असे कोणी समजू नये.

मुलांच्या बाबतीत हदीसमध्ये एक वेगळी खिडकी उघडी आहे. ह. आयशा (रजि.) यांच्याकडे बाहुल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. सुनन अबू दाऊदमध्ये पुढील तपशील येतो. बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. प्रेषित (स.) यांनी विचारले, घोड्याला पंख? ह. आयशा (रजि.) म्हणाल्या, ह. सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? त्यावर प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. विचार करावा. सृष्टीत नसलेला, केवळ कल्पनेतून घडलेला प्राणी घरात होता आणि त्यावर राग नव्हता, हसू होते. त्याच घरात ह. आयशा (रजि.) यांनी टांगलेला चित्रांचा पडदा मात्र त्यांनी उतरविला, आणि त्या कापडाच्या पुढे उशा झाल्या. म्हणजे जे खेळण्यात आहे, हाताळले जाते, झिजते त्याचा दर्जा वेगळा. जे भिंतीवर उंच, मानाने मिरवते त्याचा वेगळा. मुलीचा कोल्हा फाडण्यापूर्वी आजोबांनी बाहुल्यांची ही हदीस आठवावी आणि तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्यापूर्वी वडिलांनी पडद्याची.

येथवर हुकमाची बाजू झाली. पण कोट घातलेल्या कोल्ह्याविषयी माझे खरे म्हणणे वेगळेच आहे.

प्राण्यांनी बोलणे ही गोष्ट इस्लामी परंपरेला परकी नाही. पवित्र कुरआनमध्ये मुंगी बोलते. सूरह नम्लच्या अठराव्या आयतीत ती आपल्या बांधवांना सावध करते की, बिळांत शिरा, नाही तर सुलैमान आणि त्यांचे सैन्य नकळत तुम्हाला चिरडून टाकतील. त्या ‘नकळत’ शब्दात किती न्याय आहे, पाहा. चिरडणाऱ्याविषयीही मुंगी वाईट गृहीत धरीत नाही. पुढे हुदहुद पक्षी गैरहजर राहतो, परत येतो आणि सबाच्या राणीची खात्रीची बातमी बादशहासमोर निर्भयपणे ठेवतो. सूरह माइदामध्ये एक कावळा जमीन उकरून आदम (अलै.) यांच्या पुत्राला, भावाचे प्रेत कसे पुरावे, हे दाखवितो. तो तर बोलतही नाही. बुखारीतील एका हदीसमध्ये पाठीवर बसलेल्या माणसाला गाय सांगते की, मी यासाठी निर्माण झालेली नाही, शेत नांगरण्यासाठी झाले आहे.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. मुंगी मुंगीच राहते. तिला पायमोजे नाहीत. तिची भीती पायाखाली चिरडले जाण्याची आहे, म्हणजे मुंगीचीच आहे. हुदहुद उंचावरून पाहून येतो, कारण तो पक्षी आहे. गाय गायीचे गाऱ्हाणे मांडते. सूरह अनआमच्या अडतिसाव्या आयतीचा आशय असा की, जमिनीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय, उम्मती आहेत. आपल्यासारखे, पण आपण नव्हेत. कोट चढविला की हा फरक पुसला जातो. मग कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, घुबड अशुभ असे आपले दोष आपण त्यांच्या अंगावर चढवितो, आणि मूल प्रत्यक्ष कोल्ह्याकडे कधी पाहतच नाही.

याच ठिकाणी बुराकच्या चित्रांचा विषय काढणे भाग आहे. दर्ग्यांबाहेर, उरुसात, कॅलेंडरांवर स्त्रीमुखी, मुकुटधारी, मोरपिसांची बुराक आपण सर्वांनी पाहिली आहे. काही घरांत ती बरकतीसाठी लावलेली असते. सहीह हदीसमध्ये बुराकचे वर्णन इतकेच आहे: पांढरा, गाढवापेक्षा मोठा व खेचरापेक्षा लहान असा प्राणी, ज्याचे पाऊल नजरेच्या शेवटच्या टप्प्यावर पडते. स्त्रीचा चेहरा तेथे नाही. तो पुढच्या काळातील कथाकारांनी व चित्रकारांनी दिला. गैबच्या, अदृष्टाच्या गोष्टीला माणसाचे तोंड चिकटविण्याची ही सवय कोल्ह्याच्या कोटाहून कितीतरी गंभीर आहे, आणि गंमत अशी की मुलीचा कोल्हा फाडणाऱ्या घरातच ते कॅलेंडर कधी कधी वर्षभर टांगलेले असते.

आपल्या वाङ्मयाने प्राण्यांना बोलते ठेवले, हे विसरू नये. आपल्याच देशातील पंचतंत्र इराणात बुर्झोयाने पहलवीत नेले. आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी ते अरबीत आणले आणि करटक-दमनक हे दोन कोल्हे ‘कलीला व दिम्ना’ झाले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत, रंगीत प्राणिचित्रांनी वाचकाचे मन रिझेल, असा हेतूही नमूद आहे. त्याची तेराव्या शतकातील एक सचित्र अरबी प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात सिंह सिंहासारखा बसतो, कोल्हे कोल्ह्यांसारखे समोर उभे राहतात. संवाद चालू आहे हे मानेच्या वळणावरून कळते. याच कथांचा फारसी अवतार ‘अन्वारे सुहैली’. अकबराच्या चित्रशाळेत त्याची चित्रे झाली. दहाव्या शतकात बसऱ्याच्या ‘इख्वानुस्सफा’ मंडळींनी तर जनावरांनी जिन्नांच्या राजापुढे माणसाविरुद्ध दाखल केलेला खटलाच लिहिला. माणूस आम्हाला गुलाम का समजतो, हा त्यातील सवाल. १८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजकडून त्याचे उर्दू भाषांतरही झाले. अर्थात बादशहाची चित्रशाळा हा शरीअतचा पुरावा नव्हे. येथे एवढेच दाखवायचे आहे की, प्राण्याला वाचा देण्यासाठी त्याला माणूस करावे लागत नाही, हे या लेखकांना ठाऊक होते आणि ज्यांनी चित्रे काढली त्या कारागिरांनाही.

शेजाराविषयीही एक शब्द. आपल्या शहरांतील हिंदू बांधव गजमुख व वानरमुख रूपांना पूज्य मानतात. अंबरनाथला तर १०६० च्या सुमाराचे शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. हत्तीला किंवा वानराला गमतीचे कपडे चढविताना शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल होत नाही ना, हे मुलाला समजावून सांगावे. दुसऱ्यांच्या पूज्य गोष्टींना अपशब्द बोलू नयेत, ही सूरह अनआमचीच शिकवण आहे. त्याचप्रमाणे वर्गातील एखाद्या मुलाला गाढव म्हणून रंगविणे हे सूरह हुजुरातने मना केलेल्या टवाळीतच मोडते, मग चित्र कितीही छान असो.

आता हातातील कुंचला. या विषयावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाजारात केसांचे जे कुंचले मिळतात त्यांत कधी कधी मुंगसाच्या केसांचे असतात. मुंगूस हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे. त्याला मारणे आणि त्याच्या केसांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. तरीही चोरटा व्यापार चालतो, कारण हे केस रंग चांगला धरतात आणि टोक जुळलेले राहते. एका प्राण्यापासून थोडेच केस मिळतात, म्हणजे एका पेटीभर कुंचल्यांसाठी किती मुंगसे जात असतील, याचा अंदाज आपणच करावा. ओळखण्याची ढोबळ खूण अशी की, केसाचे टोक गडद तपकिरी असते आणि त्याखाली फिकट पट्टा असतो. आता विचार करा. शर्ट घातलेले हसरे मुंगूस रंगवायचे आणि ते मारलेल्या मुंगसाच्या केसांनी! सुनन नसाईतील वचनाचा आशय असा की, जो एखादी चिमणीदेखील हक्काशिवाय मारील त्याला तिच्याविषयी जाब द्यावा लागेल. उपाशी ठेवून राबविलेल्या उंटाने प्रेषित (स.) यांच्यासमोर अश्रू ढाळले आणि त्यांनी त्याच्या मालकाला अल्लाहचे भय बाळगण्यास बजावले, ही अबू दाऊदमधील घटना आपण मशिदीत ऐकतो. तिचा संबंध स्टेशनरीच्या दुकानाशीही आहे.

दुसरा कुंचला डुकराच्या राठ केसांचा. तो ‘हॉग’ या नावाने विकला जातो आणि मुख्यतः तैलरंगासाठी असतो, परंतु मुलांच्या संचातही सापडतो. हनफी व शाफई फुकहांच्या प्रमुख मतानुसार डुकराचे केस नापाक आहेत. ओल्या कुंचल्याने हात व कपडे भिजतात, मूल त्याच हातांनी नमाजला उभे राहते; म्हणून तो घेऊ नये. जलरंगाला कृत्रिम धाग्याचा मऊ गोल कुंचला पुरेसा होतो. तो स्वस्तही असतो आणि त्यात कोणत्याही जिवाचा प्रश्न नाही. दुकानदाराला विचारावे, हे कशाचे केस आहेत? त्याला सांगता आले नाही तर कुंचला परत ठेवावा.

रंगाच्या पाण्याचेही असेच आहे. वालधुनी नदी अंबरनाथकडील डोंगरांतून निघून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचे व इतर उद्योगांचे रंगीत पाणी तिच्यात मिसळले, प्रकरण न्यायालयात गेले. तिचे पाणी पिणाऱ्या गायी-कुत्र्यांना, काठच्या बगळ्यांना चित्रात कोट घालून काय उपयोग? मुलाची वाटीभर पाण्याने नदी बिघडत नाही, हे खरे. पण रंगीत पाणी कोठे जाते, हे त्याने याच वयात विचारावे.

मग मुलांना शिकवावे काय? जलरंगाचे तंत्र येथे आपल्या मदतीला येते. या माध्यमात पांढरा रंग शक्यतो वापरीत नाहीत. जेथे पांढरे हवे तेथे कागद कोरा सोडतात. फिकट रंग आधी, गडद नंतर. एकदा गडद झालेले पुन्हा उजळत नाही. प्राणी रंगविताना शिक्षक सांगतात की, बुबुळात एक बारीक पांढरा ठिपका राखून ठेवा, त्यानेच डोळा जिवंत होतो. हे शब्द लक्षात घ्यावेत. ‘जिवंत होतो’ असे चित्रकार स्वतःच म्हणतो. हदीस ज्या जागी बोट ठेवते ती हीच जागा. जिब्रील (अलै.) यांच्या घटनेत प्रतिमेचे डोके काढून ती झाडासारखी करावयास सांगितले गेले, आणि बहुसंख्य फुकहांनी त्यावरून डोके नसलेल्या आकृतीला चित्राच्या हुकमातून वगळले. म्हणून सावध मार्गाने जाणाऱ्याला प्राण्याचे जग अजिबात बंद नाही. चिखलातील बगळ्याची पावले, मुंगीचे वारूळ, सुगरणीची लोंबती घरटी, बदलापूरच्या जांभळांवर पडलेले चोचीचे घाव, पावसात उल्हास नदीच्या काठी गवतात उमटलेली वाट, हे सर्व रंगविता येते. चेहऱ्याविना प्राणी दाखविणे अधिक अवघड असते आणि त्यासाठी प्राण्याला अधिक नीट पाहावे लागते.

शालेय परीक्षेचा प्रश्न उरतो. ज्या परीक्षेत आकृती काढणे भाग आहे तिला बसावे की नाही, हे पालकांनी आपल्या पंथाच्या जाणत्या आलिमांना प्रत्यक्ष विचारून ठरवावे. परीक्षा ऐच्छिक आहे, हेही त्यांना सांगावे, म्हणजे उत्तर नेमके मिळेल.

या आठवड्यात मुलांकडून करवून घेण्याचा एक पाठ देतो. चिऊ-काऊची गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते, तीच घ्यावी. जाड कागद घ्यावा. चिमणी आणि कावळा काढायचे नाहीत, त्यांची फक्त दोन घरे काढायची. कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करून आभाळ करडे-निळे सोडावे. ओल्यातच डावीकडे शेणाच्या घराचा तपकिरी रंग टेकवावा आणि कागद किंचित कलता धरावा. रंग आपोआप खाली ओघळेल, तो थांबवू नये. उजवीकडचा भाग पूर्ण वाळू द्यावा. मग मेणाचे घर फिकट पिवळ्या पातळ थराने, स्वच्छ कडांनी रंगवावे. दाराची फट मात्र कोरी ठेवावी आणि शेवटी तिच्याभोवती गडद रंग द्यावा, म्हणजे आत दिवा असल्यासारखे दिसेल. ओघळलेल्या घराकडून त्या दारापर्यंत चिखलात तीन बोटांची लहान लहान पावले काढावीत. चित्र वाळल्यावर मुलाला विचारावे, दार उघडायला चिमणीने इतका वेळ का लावला?